बुडावरची चार अक्षरं सगळ्यात शेवटी वाचा

तुम्ही विचारलेली बरणी, म्हणजे तडकलेल्या बर्फासारख्या निळ्या जमिनीवर प्लमची पांढरी फुलं आणि बुडाला दुहेरी वर्तुळात 'कांगशी' काळाची चार अक्षरं, हा चीनमधल्या जिंगदेझेनचा, म्हणजे चिनी मातीच्या भांड्यांसाठी प्रसिद्ध गावाचा, ओळखीचा नमुना. विकणारा तीनशे वर्षं सांगतोय, पण मला नेमकी ती अक्षरंच खटकतात.

कांगशी सम्राटाची कारकीर्द १६६२ ते १७२२. १६७७ मध्ये जिंगदेझेनच्या अधिकाऱ्याने भांड्यांवर सम्राटाचं नाव घालायला मनाई केली. त्यामुळे त्या काळच्या अस्सल मालाखाली बरेचदा नुसती दोन वर्तुळं, एखादं पान, नाहीतर दोनशे वर्षं आधीच्या छेंगहुआ सम्राटाचं नाव सापडतं. 'कांगशी' लिहिलेल्या या बरण्या ढिगाने निघाल्या त्या एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात, युरोपातल्या हौशी गिऱ्हाइकांसाठी. तशी असेल तर तीही जुनीच, जपण्यासारखी. फक्त तीनशे वर्षांची नाही, आणि भावही तो नाही.

आता निळा रंग बघा. जुन्या कामात कोबाल्टचे, म्हणजे निळा रंग देणाऱ्या धातूच्या रंगाचे, थर एकावर एक चढवलेले असतात. एकाच फुलाभोवती फिकट, मध्यम, गडद अशा छटा पाण्यासारख्या सरकतात. नंतरच्या कामात जमीन एकसुरी भरलेली आणि बर्फाच्या भेगा आखल्यासारख्या. जवाहिऱ्याच्या दहापट भिंगातून छापील ठिपक्यांची जाळी दिसली, तर नक्षी हाताची नाही, छापलेली; पुढे काही तपासायलाच नको.

मग बुडाची झिलई नसलेली कड. माझी पहिली खरेदी याच नमुन्याची होती. कडेची तपकिरी छटा बघून मी भुललो. घरी ओल्या कापसाने पुसली, तर कापूस चहाच्या रंगाचा झाला. भिंगाखाली ओरखडे बघितले, तर सगळे एकाच दिशेने आणि एकाच खोलीचे. सँडपेपर! ती रात्र फार वाईट गेली. खऱ्या वापराचे ओरखडे आडवेतिडवे, लहानमोठे असतात, आणि जिथे भांडं टेकतं तिथे जास्त.

हात आत घालून पोटाशी बोटं फिरवा. जुन्या बरण्या दोन भाग जोडून केलेल्या. बहुधा आडवा उंचवटा हाताला लागतो. साच्यात ओतलेल्या नव्या बरणीत हा सांधा नसतो.

तुमच्या फोटोत बूड समोरून आलंय. दिवसाच्या उजेडात कडेचा तिरका फोटो आणि तोंडातून आतला एक फोटो पाठवा. ते बघेपर्यंत आगाऊ रक्कम देऊ नका.