वाचकांचे प्रश्न: जिओकॅशची यादी ताजी कशी ठेवावी?

प्रश्न (खानापूर): जिओकॅशची, म्हणजे जीपीएसवर शोधायच्या लपवलेल्या डब्यांची यादी मी ‘जीसॅक’ या संगणकावरच्या प्रोग्राममध्ये ठेवली आहे. दर महिन्याला पॉकेट क्वेरी, म्हणजे जिओकॅशिंगच्या साइटवरून मागवलेली कॅशची फाइल भरतो. तरी यादीतली एखादी डबी जागेवर नसते. साइटवर पाहावं तर ती कधीच बंद झालेली असते. असं का?

उत्तर: चूक तुमच्या भरण्यात नाही. कायमची बंद, म्हणजे आर्काइव्ह झालेली कॅश पॉकेट क्वेरीत येतच नाही. त्यामुळे जुन्या नोंदी ताज्या होतात, नव्या येऊन बसतात, पण गेलेलीला कुणी हात लावत नाही. यादीत ती चालूच दिसते.

क्वेरी भरली की ‘लास्ट जीपीएक्स’ हा रकाना बघा. त्यातली तारीख फाइल भरल्याची नसते, क्वेरी तयार झाल्याची असते. ज्यांची तारीख मागे राहिली, त्या कॅश एक तर क्वेरीच्या टापूबाहेरच्या, नाहीतर बंद झालेल्या. तेवढ्यांवर फिल्टर लावून ‘स्टेटस चेक’ चालवा, म्हणजे कोणती चालू, कोणती बंद ते कळेल. बंद निघालेल्यांपैकी तुम्हाला न सापडलेल्या खुशाल पुसा. सापडलेल्या मात्र वेगळ्या डेटाबेसमध्ये हलवा, नाहीतर किती सापडल्या याचा स्वतःचाच हिशोब चुकेल.

क्वेरी राज्यावरून लावत असाल तर ते सोडा. ‘कर्नाटक’ निवडलं की चंदगड, आंबोली बाहेर पडतात. डबीला सीमावाद ठाऊक नसतो. बेळगाव मध्यबिंदू धरून 60 किलोमीटरचा घेर घ्या. एका क्वेरीत 1000 कॅश मावतात, आपल्याकडे ती अडचण नाही. उतरवलेली झिप न उघडता तशीच भरा. आत दोन फाइली असतात. ‘डब्ल्यूपीटीएस’ नावाची राहिली तर गाडी लावायच्या जागा वगैरे जादा बिंदू येत नाहीत.

प्रश्न (निपाणी): मी यादी एक्सेलमध्ये ठेवतो. काही बिंदू नकाशावर भलतीकडेच पडतात.

उत्तर: कॅशच्या पानावर अंश आणि दशांश मिनिटं असतात, नकाशा मागतो दशांश अंश. समजा, बेळगावातला बिंदू उत्तर 15° 50.982′, पूर्व 74° 29.862′ आहे. तो 15.50982 आणि 74.29862 असा उतरवलात, तर सुमारे 43 किलोमीटर नैर्ऋत्येला, गोव्याकडच्या रानात पोचाल. मिनिटांना 60 ने भागून अंशात मिळवा: 15.8497 आणि 74.4977. रकाना मजकुराचा न ठेवता आकड्याचा ठेवा आणि दशांशानंतर किमान पाच घरं राखा. चारच ठेवलीत तरी पाचसहा मीटरची चूक होते, आणि दगडी बांधात डबी शोधताना तेवढी पुष्कळ झाली.

प्रश्न (बेळगाव): काही कॅशची खरी जागा कोडं सोडवल्यावरच कळते. असे काढलेले अक्षांश-रेखांश कुठे लिहावेत?

उत्तर: कॅशच्या पानावरच्या मूळ आकड्यांवर लिहू नका. जीसॅकमध्ये ‘करेक्टेड कोऑर्डिनेट्स’ची सोय आहे, ती वापरा, एक्सेलमध्ये दोन जादा रकाने करा. मूळ आकडे हाताशी असले की कॅशच्या मालकाने डबी हलवल्याचं नव्या फाइलमधून लगेच कळतं. आणि साफसफाईला बसण्याआधी बॅकअप घ्या, तोही दुसऱ्या डिस्कवर.