माळ्यावरची पावलं आणि सातबाऱ्यावरची नावं

प्रश्न : बाबा तीन वर्षांपूर्वी गेले, माय औंदा होळीच्या आधी. मी २२ वर्षांची, भाऊ १६, बहीण १२. घर जुनं, मातीच्या भिंतींचं, वर माळा न् कवेलू. रात्री माळ्यावर कोणी चालतं, मधूनच किंचाळी येते. धाकटी म्हणते, छातीवर कोणी बसतं, हलता येत नाही. तिनं शाळा सोडली. भाऊ रात्र रात्र बाहेर असतो. गाव म्हणतं, माय घर सोडत नाही. काका म्हणतात, पोरीला भगताकडे न्या आणि घर विकून टाका.
— एक ताई, यवतमाळ जिल्हा

उत्तर : ताई, विकण्याचं आधी थांबवा. कोऱ्या कागदावर कुणालाच सही देऊ नका. घरात-शेतात दोन्ही लहानांचा हिस्सा आहे, तो न्यायालयाच्या परवानगीशिवाय विकता येत नाही. आईबाबांचे मृत्यूचे दाखले घेऊन तलाठ्याकडे वारस नोंदीचा अर्ज द्या. मुदत मृत्यूपासून तीन महिने. उलटली असली तरी अर्ज करा, नोंद होते. सातबाऱ्यावर तिघांची नावं लागली पाहिजेत. लहानांच्या नावापुढे ‘अ.पा.क.’, म्हणजे अज्ञान पालनकर्ता, म्हणून तुमचं नाव येऊ शकतं. घराचा नमुना ८ ग्रामपंचायतीत वेगळा बदलावा लागतो, हे बहुतेक जण विसरतात.

आता माळा. संध्याकाळी त्यावर चाळलेली राख पातळ पसरा आणि सकाळी भावाला घेऊन पाहा. पाच बोटांचे ठसे नि बिया असलेली विष्ठा दिसली तर उदमांजर. बारीक पावलांमधून शेपटीची रेघ गेली असेल तर उंदीर. केस-हाडांचे गोळे पडले असतील तर गव्हाणी घुबड, किंचाळी त्याचीच. घुबड राहू द्या, उंदीर खातं. उदमांजर अंधार पडल्यावर बाहेर गेलं की फटीला अर्ध्या इंची जाळी ठोका, पण आत पिल्लं नाहीत हे आधी बघा. उंदरांमागे मण्यार येतो आणि त्याचा दंश झोपेत कळतही नाही. खरी भीती ह्याची बाळगा. तिघंही खाटेवर, मच्छरदाणी गादीखाली खोचून झोपा.

धाकटीला होतं ते खोटं नाही. झोपेत अंग सैल पडलेलं असतं. मन आधी जागं झालं की काही क्षण हलता येत नाही, छाती दाबल्यासारखी वाटते. जागरणानं आणि उताणं झोपल्यानं ते वाढतं. तिला कुशीवर झोपवा, झोपेची वेळ रोज एकच ठेवा. ‘काही नाही तिथं’ म्हणू नका, राखेतले ठसे दाखवा. मायची आठवण तिला मोठ्यानं काढू द्या, रडली तर रडू द्या. दोन आठवड्यांत फरक पडला नाही तर १४४१६ ह्या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनवर मराठीत बोलता येतं, फोन मोफत.

भगत अंगातलं काढायला मारझोड करतो, धुरी देतो. २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यानं हा गुन्हा आहे : सहा महिने ते सात वर्षं कैद, दंड ५,००० ते ५०,००० रुपये. काका बळजबरी करू लागले तर १०९८ ह्या मुलांच्या हेल्पलाइनला फोन लावा.

बालसंगोपन योजनेत दोघांनाही, १८ वर्षांपर्यंत, दरमहा प्रत्येकी २,२५० रुपये मिळू शकतात. अर्ज जिल्हा महिला व बालविकास अधिकाऱ्यांकडे. सोबत मृत्यूचे दाखले, आधार, बोनाफाईड, रेशनकार्ड, बँक पासबुक. बोनाफाईड हवा तर धाकटीचं नाव पटावर हवं, म्हणून ह्याच आठवड्यात मुख्याध्यापकांना भेटा. भावाला सोबत न्या.