नव्या तलंगांना जुन्या कोंबड्या टोचतायत

प्रश्न: सिन्नरच्या बाजारातून दोन तलंगा (अजून अंड्यावर न आलेल्या तरुण कोंबड्या) आणल्या आणि सरळ खुराड्यात सोडल्या, तर आमच्या जुन्या गावरान कोंबड्या त्यांना टोचून टोचून हैराण करतायत, काय करू?
एक वाचक, मखमलाबाद, नाशिक

उत्तर: ताई, त्या दोघींना आजच वेगळं करा. टोचाटोचीपेक्षा मला काळजी रोगाची वाटते, बाजारातली कोंबडी वरून ठणठणीत दिसते पण मानमोडी (राणीखेत रोग) आली तर अख्खं खुराडं रिकामं होतं, म्हणून ३-४ आठवडे लांबच ठेवा, दाणा-पाण्याची भांडी वेगळी, आणि आधी जुन्यांचं करून मग नव्यांकडे जा. आता एकदा मिसळल्यात तर जुन्यांवरही लक्ष ठेवा, कुणी मलूल दिसली की पशुवैद्यकीय दवाखाना गाठा, लसीचंही तिथेच विचारा. पंखाखाली आणि शेपटीच्या बुडाशी पिसं बाजूला करून उवा बघा.

मग आठवडाभर मधे जाळी लावून शेजारी ठेवा, बघू दे एकमेकींना. नंतर रात्री अंधारात नव्यांना दांडीवर बसवा, पण सकाळी लवकर उठून बघायचं बरं का. दाणे दोन-तीन ठिकाणी ठेवा. थोडी टोचाटोची होणारच, कोण वरचढ ते ठरायचं असतं, पण रक्त दिसलं की लगेच बाहेर काढा, लाल दिसलं की बाकीच्याही तिथंच टोचतात.