पायाला वजन बांधू का?

प्रश्न : वय ५६. लहानपणी उजव्या पायाला पोलिओ झाला. मांडीवर हात दाबत चालतो. केळीच्या व्यापाऱ्याकडे हिशेब लिहितो. दोन वर्षांपासून चांगला डावा पायही जिना चढताना थरथरतो, संध्याकाळी त्राण उरत नाही. पुतण्या म्हणतो, "काका, जिमला चला. दुखल्याशिवाय ताकद येत नाही." जाऊ का? पोलिओ पुन्हा उलटला असेल का?
— एक वाचक, फैजपूर

उत्तर : भाऊ, पोलिओ उलटलेला नाही. त्या वेळी मज्जारज्जूतल्या, स्नायू हलवणाऱ्या काही पेशी मेल्या, उरलेल्यांनी नवे फाटे फोडून पोरके स्नायूतंतू सांभाळले. इतकी वर्षं जादा भार वाहून ते फाटे आता गळतात. यालाच पोस्ट-पोलिओ सिंड्रोम म्हणतात. 'चांगल्या' पायालाही तेव्हा थोडी झळ लागलेली असते, फक्त ती दिसत नाही.

तरी आधी न्यूरॉलॉजिस्टना दाखवा. थायरॉईड, हिमोग्लोबिन, साखर, बी-१२, कंबरेचे मणके हे सगळं तपासून, दुसरं कारण नाही असं ठरल्यावरच हे निदान होतं.

पुतण्याची माया खरी, पण त्याचं ते वाक्य तुम्ही अजिबात मानू नका. फिजिओथेरपिस्ट प्रत्येक स्नायूची ताकद हाताने तपासतात. खुर्चीवर बसून उजवा गुडघा स्वतःहून सरळ होत नसेल, तर त्या पायाला वजन बांधायचं नाही. तिथे सांधा मोकळा ठेवणं एवढंच काम. डावा पाय मात्र बळकट करता येतो. गुडघा सावकाश सरळ करा, पाच सेकंद धरा, खाली आणा. असं पाचदा करून दोन-तीन मिनिटं स्वस्थ बसा, मग पुन्हा पाचदा. एक दिवसाआड. पाय थकायच्या आधी थांबायचं, हे मी माझ्या प्रत्येक पोलिओच्या पेशंटला बजावते. झेपलं, तर काही आठवड्यांनी अर्धा किलोची वाळूची पिशवी बांधा. दुसऱ्या दिवशी पाय जड वाटला, दुखला किंवा स्नायू फडफडले, तर व्यायाम जास्त झाला, निम्म्यावर या. आपल्याकडच्या मे महिन्यात उन्हं वर यायच्या आत उरका.

जिन्याच्या फेऱ्या कमी करा, बसायची जागा तळमजल्यावर मागून घ्या. काठी आणि कॅलिपरबद्दलही (पायाला आधार देणारी पट्ट्यांची चौकट) फिजिओथेरपिस्टशी बोला. सतत मांडी दाबून खांदा झिजतो, आणि तो खांदा तुम्हाला पुढे लागणार आहे.

आडवं पडल्यावर दम लागला किंवा गिळताना ठसका लागू लागला, तर व्यायाम बंद ठेवून लगेच डॉक्टरांकडे जा.