एसएस ३०४ वर टूल जळतंय? फीड राहू द्या, स्पीड उतरवा

प्रश्न थोडक्यात असा: साकीनाक्याच्या गाळ्यातलं जुनं गिअरवालं लेथ, ४० मिमी व्यासाचा एसएस ३०४ चा (स्टेनलेस स्टीलचा) शाफ्ट, एचएसएस (हाय-स्पीड स्टील) टूल. एमएससाठी (साध्या माइल्ड स्टीलसाठी) वापरता तेच २८० आरपीएम (मिनिटाला फेरे) लावले आणि धार गेली. टूल वाचावं म्हणून फीड (शाफ्टच्या एका फेऱ्याला टूल किती मिमी पुढे सरकतं ते) अगदी बारीक केला, तर ती आणखी लवकर जायला लागली.

फीड कमी केलात तिथेच घात झाला. ३०४ घासला गेला की कडक होतो. ०.०५ च्या फीडला टूल नीट कापत नाही, नुसतं रगडतं. वरचा थर कडक होतो आणि पुढच्या फेऱ्यात धार त्याच थरात अडकते. फीड ०.१५ ते ०.२ ठेवा, कटची खोली अर्ध्या मिमीच्या खाली नको, म्हणजे धार त्या थराच्या खालून चालेल. फीड थांबवून टूल फिरत्या जॉबला (शाफ्टला) टेकवून ठेवणं तर मुळीच नको.

स्पीड मात्र उतरवा. कटिंग स्पीड (टूलसमोरून मिनिटाला किती मीटर धातू सरकतो तो वेग) गुणिले ३१८, भागिले मिमीमधला व्यास, की आरपीएम मिळतात. तुमचे २८० म्हणजे मिनिटाला ३५ मीटर. एचएसएसने एमएस कापतानाही २५-३० पुरतात. ३०४ ला १५ धरा, म्हणजे सुमारे १२० आरपीएम. नेमका तेवढा गिअर नसेल तर खालचा लावा.

खालचाच का? अमेरिकन इंजिनिअर फ्रेडरिक टेलर यांनी १९०७ मध्ये टूलच्या आयुष्याचं सूत्र मांडलं. एचएसएसचा घातांक (स्पीडचा फटका किती ते ठरवणारा आकडा) त्यात साधारण ०.१२५ धरतात. त्या हिशेबाने स्पीड नुसता १० टक्के वाढवला तरी आयुष्य निम्म्याहून कमी होतं, आणि तुम्ही दुपटीच्या वर पळवत होता! फीडचा फटका एवढा मोठा नसतो. म्हणून वेळ वाचवायचा तर आधी कट वाढवा, मग फीड, स्पीड सगळ्यात शेवटी. गाळ्यात नव्याने आलेल्या प्रत्येक पोराला मी हाच क्रम पाठ करायला लावतो.

फिनिशसाठी फक्त शेवटचा कट ०.१ फीडने घ्या. ०.८ मिमी नोज रेडियसला (टूलच्या टोकाच्या गोलाईला) ०.२ फीडने खाचा सहा मायक्रॉनच्या आसपास पडतात, ०.१ ने दीडच्या. कूलंट सतत आणि भरपूर हवं, मधूनमधून ब्रशने लावून भागत नाही.

जॉब रोजचा असेल तर कार्बाइडचं (एचएसएसहून कडक) टूल घ्याच. मुंबईच्या नागदेवी स्ट्रीटला इन्सर्ट (टूलला बसवायची कार्बाइडची बदलती धार) घेताना डबीवर पिवळ्या रंगाचा ‘एम’ गट बघा, तो स्टेनलेसचा. निळा ‘पी’ साध्या स्टीलचा. स्पीड आणि फीडची रेंज बहुतेक डबीवरच छापलेली असते. १२० मीटर धरले तर तुमच्या शाफ्टला ९५० आरपीएम लागतील. आधी लेथ तेवढं फिरतं का, चक (शाफ्ट पकडणारा भाग) आणि बेअरिंग धड आहेत का ते पाहा. ३ एचपीची मोटर असेल तर ०.२ फीडला दीड मिमी कट आरामात जाईल, तीन मिमीला ती बंद पडेल.