पुढचं वाच, बाळा

बाळा, सलाम.

रविवारी उपासना सुटल्यावर पायरीवर चपला हातात धरून तू जे विचारलंस, त्याला मी तेव्हा नीट उत्तर दिलं नाही. माणसं होती भोवती, आणि खरं सांगायचं तर माझाच गळा दाटला होता. "देव भस्म करणारा अग्नी आहे म्हणतात, मग जे चाललंय घरात ते त्याचंच जाळणं आहे का?" असं म्हणालीस. कॅम्पमधून आल्यापासून हेच एक वचन तुझ्या डोक्यात बसलंय, वहीत लाल पेनाने दोनदा अधोरेखित केलंयस, मी पाहिलं.

प्रार्थना कर, विश्वास ठेव, हे तुला सांगत बसत नाही, ते तू करतेसच. मला एकच सांगायचंय. पुढचं वाच.

ते वचन, बायबलमधल्या अनुवाद या पुस्तकातलं ४:२४, तुला पाठ आहे. आता त्याच अध्यायातलं ३१ वं वचन काढ. तुझा देव परमेश्वर दयाळू आहे, तो तुला सोडणार नाही, तुझा नाश करणार नाही. सात वचनं फक्त! त्याच मोशेच्या तोंडून, त्याच भाषणात, आणि ते सांगतोय कोणाला तर मूर्तींच्या मागे जाऊन देशोधडीला लागतील आणि तिथून परत देवाला शोधतील अशा लोकांना.

हे मला कोणी वेळेवर सांगितलं नाही, किंवा सांगितलं असेल आणि मी ऐकलं नसेल. पंचवीसेक वर्षांपूर्वी मी संडे स्कूल घ्यायचो, तेव्हा एका मुलाने दानाच्या थैलीतून पैसे काढले, फार नव्हते, आणि मी सगळ्या वर्गासमोर त्याला उभं करून हेच २४ वं वचन वाचलं, वाचून बायबल मिटलं. मिटल्याचा आवाज मला अजून ऐकू येतो. तो मुलगा पुढच्या रविवारी आला नाही, त्याच्या पुढच्याही नाही, नंतर ते कुटुंबच दुसरीकडे गेलं. मी खोटं काही वाचलं नव्हतं हे मी आजही म्हणतो, वचन होतं ते, आणि चोरीला चोरीच म्हणायला पाहिजे. पण सात वचनं आधी थांबलो. लूक ९ मध्ये येशूचे शिष्य याकोब आणि योहान, येशूला उतरू न देणाऱ्या शोमरोनी गावावर आकाशातून आग पाडू का म्हणून विचारतात ना, येशू त्यांच्याकडे वळून त्यांनाच धमकावतो. त्या दोघांच्या शेजारी मी उभा होतो.

आता कोणी म्हणेल की मग ते आगीचं सोडूनच द्या, देव प्रेम आहे एवढं पुरे. नाही! तेही अर्धवट वाचणंच झालं. आजकाल गोड गोड संदेश ऐकून माझा जीव कासावीस होतो. आग आग आहे. निर्गम ३ मध्ये जळत्या झुडपातून देव मोशेला म्हणाला, जवळ येऊ नकोस, जोडे काढ. पण त्याआधी काय म्हणाला? "मोशे, मोशे." दोनदा नाव घेतलं. आणि जवळ येऊ नकोस म्हणाला, निघून जा नाही म्हणाला. मग पुढचं वाच, माझ्या लोकांचं दुःख मी पाहिलंय, त्यांचं ओरडणं ऐकलंय. ती आग रडणं ऐकणारी आहे ग. आणि झुडूप जळत होतं पण जळून जात नव्हतं, साधं झुडूप, एका पानाचीसुद्धा राख झाली नाही.

मलाखी ३ चं तर मला फारच सांगायचंय. तो रुपं, म्हणजे चांदी, गाळणाऱ्यासारखा बसेल. त्यावर तो फॉरवर्ड फिरतो ना, सोनाराला चांदीत स्वतःचा चेहरा दिसला की चांदी शुद्ध झाली, तो वचनात कुठेही नाही, उगाच पुढे पाठवू नकोस. वचनात आहे ते "बसेल". आमच्या गल्लीतल्या सोनाराकडे मी एकदा दुपारभर बसलो होतो. त्याने जुनी जोडवी, तुटकं पैंजण मुशीत टाकलं, चिमूटभर टाकणखार, आणि ज्योत धरली. चांदी वितळायला ९६१ अंश लागतात. मळ वर तरंगायला लागला. चहा आला, गार झाला, पोराने दुसरा आणला, तोही गार झाला. मी म्हटलं घ्या की, तर मान वर न करता म्हणाला, आत्ता नजर हलवली तर माल गेला. बस, एवढंच. आणि देव गाळायला बसतो ते आधी कोणाला, तर लेवीच्या वंशजांना, म्हणजे याजकांना, आम्हा शिकवणाऱ्यांना! पुढे सहाव्या वचनात काय आहे बघ, मी बदलत नाही म्हणून तुम्ही नष्ट झाला नाहीत.

इब्री १२ चं शेवटचं वचनही तेच, आपला देव भस्म करणारा अग्नी आहे. अध्याय संपला म्हणून आपण थांबतो, पण अध्याय पाडले तेराव्या शतकात, लिहिणाऱ्याने तिथे श्वासही घेतला नसेल. पुढची ओळ आहे, बंधुप्रीती टिकून राहो. आगीला लागूनच!

केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये १९०५ साली पंडिता रमाबाईंच्या आश्रमातल्या मुलींमध्ये आत्मिक जागृती आली, तेव्हा एकीच्या अंगावर आग दिसली म्हणून दुसरी बादलीभर पाणी आणायला धावली असं सांगतात. आपण तेवढंच सांगतो. पुढचं कोणी सांगत नाही, की त्यानंतर त्या मुली टोळ्या करून गावोगाव सुवार्ता सांगायला गेल्या.

तुझ्या घरातलं दुखणं देवाने लावलेली आग आहे का, हे मी सांगू शकत नाही, आणि जो छातीठोक सांगेल त्याचं ऐकू नकोस. पण योहान १८ काढ. थंडी आहे, कोळशाचा विस्तव पेटलाय, पेत्र शेकत उभा आहे आणि त्याच रात्री तीनदा म्हणतो, मी येशूचा नाही. तिथे थांबलीस तर पेत्र संपला. २१ व्या अध्यायात परत कोळशाचा विस्तव, यावेळी येशूने ठेवलेला, वर मासळी, शेजारी भाकर. माझ्यावर प्रेम करतोस का, असं तीनदा विचारणार आहे तो, सोडणार नाही, पण आधी म्हणतो, या, न्याहारी करा.

येत्या रविवारी अर्धा तास लवकर ये, ती वही घेऊन. अनुवाद ४ काढू, चोविसाव्यापासून एकतिसाव्यापर्यंत. तू मोठ्याने वाच, मी ऐकतो. मला ते कोणाच्या तरी तोंडून ऐकायचंय.