क्रेडेंझा, साइडबोर्ड आणि फडताळ

प्रश्न असा: 'जुन्या फर्निचरच्या जाहिरातीत "व्हिंटेज इटालियन क्रेडेंझा" असं वाचलं. फोटोत तर लांबट, बुटकं कपाट दिसतंय. मग क्रेडेंझा आणि साइडबोर्ड यांत फरक काय? उच्चार कसा करायचा? आणि मराठीत सरळ "फडताळ" म्हटलं तर?'

आधी उच्चार, कारण तो सोपा आहे. इटालियन माणूस 'क्रेदेन्त्सा' म्हणतो. यातला 'द' आपलाच, दंत्य. शेवटचा 'त्सा' इंग्रजी बोलणाऱ्यांना कठीण जातो, आपल्याला मुळीच नाही. 'चमचा', 'चाक', 'त्यांचा' यांतला च तोच. 'क्रेदेंचा' लिहून 'त्यांचा'शी यमक जुळवलंत तरी मिलानच्या दुकानदाराला नीट कळेल. 'झा' आपल्याकडे आला तो इंग्रजीच्या वाटेने. पण 'पिझ्झा'सुद्धा मुळात 'पित्सा' आहे, आणि म्हणून कोणी 'पित्सा मागवू या' म्हणत नाही. तेव्हा लिहिताना खुशाल क्रेडेंझा लिहा. इथे सोवळं पाळण्यात अर्थ नाही.

व्युत्पत्ती मात्र जरा थांबून बघण्यासारखी आहे. इटालियनमध्ये 'क्रेदेन्त्सा'चा पहिला अर्थ फर्निचर नाहीच. तो आहे विश्वास, समजूत. लॅटिन 'क्रेदेरे', म्हणजे विश्वास ठेवणे, यावरून तो शब्द आला. हे लॅटिन क्रियापद आणि संस्कृत 'श्रद्धा' एकाच मुळातून निघाले आहेत. 'श्रत्' अधिक 'धा', म्हणजे मन ठेवणे, अशी फोड भाषाशास्त्रज्ञ करतात. इंग्रजी 'क्रेडिट' याच कुळातलं, आणि जुन्या इटालियनमध्ये 'आ क्रेदेन्त्सा' घेणं म्हणजे उधारीवर घेणं. मध्ययुगीन इटलीच्या नगरराज्यांत गुप्ततेची शपथ घेतलेल्या मंडळालाही क्रेदेन्त्सा म्हणत. मिलानमध्ये 1198 साली स्थापन झालेली 'क्रेदेन्त्सा दी सांत अम्ब्रोज्यो' ही कारागीर-व्यापाऱ्यांची संघटना प्रसिद्ध आहे.

मग विश्वासाचं कपाट कसं झालं? श्रीमंतांच्या पंगतीत ताटं मालकापुढे जाण्याआधी नोकराने चव घेऊन दाखवायची, विष नाही याची खात्री पटवायची. त्या चाखण्यालाच क्रेदेन्त्सा म्हणत. ते ज्या बाजूच्या टेबलावर चाले, त्या टेबलालाही तेच नाव पडलं आणि सांभाळणारा सेवक झाला 'क्रेदेन्त्सिएरे'. पुढे चाखणं मागे पडलं, मिरवणं राहिलं. सोन्याचांदीची भांडी टेबलावरच्या पायऱ्यांवर मांडायची, पाहुण्यांनी मोजावीत म्हणून. मांतोव्हाच्या पालात्सो ते या महालात चित्रकार जुलिओ रोमानोने 1526 ते 1528 च्या सुमारास रंगवलेल्या मेजवानीत भांड्यांनी लादलेलं असंच एक टेबल आहे. स्वयंपाकाची भाषाही त्यावरून बनली: बार्तोलोमेओ स्काप्पीच्या 1570 च्या पाकग्रंथात गरम पदार्थ 'कुचीना'चे, म्हणजे मुदपाकखान्याचे, आणि थंड पदार्थ 'क्रेदेन्त्सा'चे अशी वाटणी आहे. चर्चमध्ये वेदीशेजारी भाकर आणि द्राक्षारस ठेवायला जे छोटं टेबल असतं, त्याचं इंग्रजी आणि पोर्तुगीज नावही याच शब्दातून आलं.

आता फरक. 'पाय असले तर साइडबोर्ड, जमिनीला टेकलं तर क्रेडेंझा' असा एक नियम सांगतात. माझ्या मते तो टाकून द्यावा. 1950 च्या दशकातल्या इटालियन क्रेडेंझा बहुतेक सडसडीत पायांवरच उभ्या आहेत. साइडबोर्ड हा इंग्रजी जेवणघरातला शब्द, क्रेडेंझा हा इटालियन. वस्तू जवळपास एकच. गोंधळ वाढवला अमेरिकन ऑफिसांनी. तिथे साहेबाच्या खुर्चीमागचं लांब, बुटकं कपाट म्हणजे क्रेडेंझा. अमेरिकन डिझायनर फ्लॉरेन्स नोल यांची 1961 सालची प्रसिद्ध क्रेडेंझा या घराण्यातली, तिचा इटलीशी संबंध नावापुरता. खुद्द इटालियन माणूस अशा कपाटाला 'माद्या' म्हणेल (मूळची ही पीठ मळायची झाकणाची पेटी), नाहीतर फ्रेंचांकडून घेतलेलं 'बुफे'. हो, आपल्या लग्नातलं बुफे तेच. कपाटाचं नाव आधी त्यावर मांडलेल्या जेवणाला मिळालं, मग ताट हातात धरून उभं राहण्याला.

जाहिरातीतली वस्तू खरंच इटालियन, त्या काळातली आहे का, हे नावावरून कळत नाही. दारं बघावी लागतात. मिलानच्या उत्तरेला ब्रिआन्त्सा नावाचा टापू आहे. कान्तू, लिस्सोने, मेदा ही तिथली सुतारकामाची गावं. पाओलो बुफ्फा, ओस्वाल्दो बोर्सानी या इटालियन डिझायनरांच्या फर्निचरमागे याच परंपरेतले हात आहेत. तिथल्या कारागिरांचा एक शब्द आहे 'माक्या आपेर्ता', शब्दशः 'उघडा डाग'. एकाच ओंडक्यातून लागोपाठ काढलेले विनिअरचे दोन पातळ पापुद्रे पुस्तक उघडल्यासारखे शेजारी शेजारी बसवायचे, म्हणजे लाकडाची नक्षी आरशातल्यासारखी जुळते. चांगल्या कामात ही नक्षी एका दारावर संपत नाही. फट ओलांडून पुढच्या दारावर जाते. मधलं एखादं दार नंतर बदललं असेल तर रेषा तिथेच तुटते आणि पॉलिश कितीही चढवलं तरी लपत नाही.

अशा कपाटांत लाकूड पुष्कळदा 'पालिसान्द्रो', म्हणजे रोझवूड, असतं. आपल्याकडचं शिसवी याच कुळातलं, पण ब्राझीलचं वेगळं. त्या ब्राझिलियन जातीच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर 1992 पासून कडक बंदी आहे. त्यामुळे परदेशातून असं जुनं कपाट मागवताना कागदपत्रं विचारावीत. 'रादिका' लिहिलं असेल तर ते गाठीचं लाकूड, बहुधा अक्रोडाचं. पायांच्या टोकांना पितळी टोप्या असतात, त्या 'पुन्ताली'. कित्येक दारांना मूठच नसते. पितळी किल्ली फिरवायची आणि तिलाच धरून दार ओढायचं. म्हणून मूळ किल्ली हरवलेली असेल तर किंमत पाडून मागायला हरकत नाही. पुढे खाली पडणारी झडप आणि आत आरसा दिसला तर तो बाटल्यांचा कप्पा. झडपेला इटालियनमध्ये 'रिबाल्ता' म्हणतात. आपली 'झडप' तिथे चपखल बसते.

राहिलं फडताळ. शब्द मला फार आवडतो, पण इथे तो चालणार नाही. फडताळ वाड्याच्या भिंतीत असतं, त्याला पाठ नाही आणि पाय नाहीत. लोणच्याच्या बरण्या आत ठेवायच्या आणि दार लावून घ्यायचं. क्रेडेंझाचा अर्धा जीव तिच्या वरच्या पाटावर आहे. तिथे काहीतरी मांडायचं, लोकांनी बघायचं. 'मांडणी' त्या अंगाने जवळची, पण मांडणी म्हटलं की घासलेल्या डब्यांची रांग डोळ्यांपुढे येते. बोलताना 'बैठं कपाट' म्हणा. कळतं आणि खोटं पडत नाही. ठरावीक इटालियन वस्तूबद्दल बोलत असाल तरच क्रेडेंझा.

आणि लिंग? वर मी 'ती' लिहीत आलो आहे, कारण इटालियनमध्ये शब्द स्त्रीलिंगी आहे आणि मराठीत 'शाळा', 'जागा' यांच्या रांगेत तो आरामात बसतो. अनेकवचनही मग सुटसुटीत: एक क्रेडेंझा, दोन क्रेडेंझा. 'तो पिझ्झा'च्या धर्तीवर कोणी 'तो क्रेडेंझा' म्हणालं तर त्यालाही मी चूक म्हणणार नाही, फक्त मग 'दोन क्रेडेंझे' म्हणायची तयारी हवी.